‘फोनवर बोलून काय होणार?’ : नागपूरच्या एका फायरमनला सविस्तर उत्तर

प्रश्न विचारणारे नागपूरच्या अग्निशमन दलात फायरमन आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : काही महिन्यांपूर्वी एका घराच्या आगीतून त्यांनी एका लहान मुलीला बाहेर काढलं, पण ती वाचली नाही. तेव्हापासून रात्री झोप मोडते, घरात उगाच आवाज चढतो, आणि रविवारी सावजी मटणाचा वास आला की ताटावरून उठून बाहेर जावं लागतं. पत्नी म्हणते ऑनलाइन काउन्सेलिंग घ्या. त्यावर त्यांचे तीन सवाल आहेत. फोनवर बोलून काय होणार? दोन खोल्यांच्या घरात बोलायचं कुठे? आणि ऑफिसात कळलं तर?

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. नागपुरातच काम करते. अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका आणि पोलीस खात्यातली बरीच मंडळी माझ्याकडे येतात आणि त्यातली निम्म्याहून अधिक आता स्क्रीनवरच भेटतात. म्हणून आधी सरळ उत्तर देते : तुमची पत्नी बरोबर सांगते आहे. तुम्ही लिहिलेल्या त्रासावर व्हिडिओवरून नीट उपचार होतात. पण एक अट आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘कुठूनही, कधीही’ बोलता येतं ही जी सोय आहे, तिच्यामुळेच तुमच्यासारख्या माणसाला उपचार घेणं शक्य होतं आणि तिच्यामुळेच तो उपचार वायाही जातो. म्हणून वेळ आणि जागा आधी ठरवायची, बाकीचं नंतर. ते पुढे सविस्तर सांगते.

त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘मला स्वतःला तर काही झालं नाही, साधा चटकाही बसला नाही.’ हे वाक्य मी जवळपास प्रत्येकाकडून ऐकते. स्वतःच्या जिवावर बेतलं तरच मनाला इजा होते असा समज आहे, आणि वर्दीतल्या माणसांत तो अधिकच घट्ट बसलेला आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ साली निदानाच्या निकषांची जी पाचवी आवृत्ती काढली, तिच्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे की कामाचा भाग म्हणून वारंवार भीषण तपशिलांना सामोरं जाणं हेही मानसिक आघाताचं कारण असतं. तिथे दिलेलं उदाहरणच मृतदेहांचे अवशेष गोळा करणाऱ्या पहिल्या फळीतल्या कर्मचाऱ्यांचं आहे. म्हणजे तुमच्या कामाचं नावच त्या पुस्तकात आहे.

अशा घटनेनंतर पहिले काही दिवस झोप न लागणं, तेच तेच डोळ्यांपुढे येणं हे बहुतेकांना होतं, आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. महिनाभराच्या पुढेही ते तसंच राहिलं, त्या जागा, ते वास, ती माणसं टाळावीशी वाटू लागली, घरच्यांपासून माणूस तुटल्यासारखा वागू लागला, तर ते ‘काळानं भरून निघेल’ या प्रकारातलं राहत नाही. तुमच्या बाबतीत काही महिने उलटलेत. मटणाच्या वासानं उठून जाणं म्हणजे मनाचा कमकुवतपणा नाही. वास ही आठवणीची फार जलद वाट आहे. विचार करायला वेळ मिळण्याआधीच शरीर त्या खोलीत जाऊन पोचतं. तुम्ही उठता तेव्हा तात्पुरतं हलकं वाटतं, आणि त्या हलकेपणामुळेच पुढच्या रविवारी उठण्याची गरज आणखी पक्की होते. उपचारात ही साखळी तोडायची असते.

आणखी एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. मोठ्या दुर्घटनेनंतर सगळे चौकशी करतात. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० नवजात बाळं गेली. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पेटली आणि २५ प्रवासी गेले. अशा वेळी मंत्री येतात, कॅमेरे येतात, मदतीला गेलेल्या माणसांच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवतं. पण मनात रुतून बसते ती बहुतेक वेळा पेपरात दोन ओळींत छापून आलेली केस. आपल्या मुलीच्या वयाची मुलगी. तिच्या पायात आपल्या घरी आहे तशीच चप्पल. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण स्टेशनच्या हिशोबात तो एक साधा कॉल होता. तुम्ही तिच्याबद्दल लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

आता ‘फोनवर बोलून काय होणार’ याचं उत्तर. नुसतं बोलून खरंच फार होत नाही. ‘मन मोकळं करा, बरं वाटेल’ एवढाच जर कुणाचा उपचार असेल तर तो घेऊ नका. आघातावरच्या ज्या पद्धती अभ्यासांत टिकल्या आहेत, त्यांना आराखडा असतो. एका पद्धतीत त्या घटनेची आठवण ठरवून, सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा सांगितली जाते, आणि टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीनं परत जायचं असतं. तिला साधारण ८ ते १५ बैठका लागतात, एकेक बैठक दीड तासापर्यंत. दुसरीत घटनेबद्दल मनात अडकून बसलेले निष्कर्ष लिहून काढून तपासायचे असतात. तिच्या साधारण १२ बैठका. अमेरिकेत निवृत्त सैनिकांवर या दोन्ही पद्धतींचे तुलनात्मक अभ्यास झाले, काहींना समोरासमोर आणि काहींना व्हिडिओवर उपचार देऊन. व्हिडिओवर मिळालेला फायदा समोरासमोरच्या उपचाराच्या तोडीस तोड निघाला. माझा स्वतःचा अनुभवही तोच आहे. स्क्रीनमुळे उलट काहींना सोपं जातं. समोर बसलेल्या बाईपुढे डोळ्यांत पाणी आणणं ज्यांना जमत नाही, ते स्वतःच्या घरात बसून रडू शकतात.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते एका उदाहरणानं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक लीडिंग फायरमन होते. त्यांचं वाक्य एकच : ‘मॅडम, मी पाच मिनिटं आधी गेलो असतो तं पोरगा वाचला असता.’ बायकोनं समजावलं, सहकाऱ्यांनी समजावलं, ‘तुझी काही चूक नव्हती’ असं सगळ्यांनी सांगून झालं. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण सांत्वन आणि हिशोब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही हिशोब केला. मी स्क्रीनवर एक कोरं पान उघडलं आणि त्यांना वॉचरूमच्या, म्हणजे स्टेशनवर जिथे आगीचे फोन येतात त्या खोलीच्या, रजिस्टरातल्या वेळा आठवून सांगायला लावल्या. कॉल किती वाजता आला? गाडी किती वाजता निघाली? इतवारीच्या त्या गल्लीच्या तोंडाशी किती वाजता पोचली? तिथून होज (पाण्याचा पाइप) अंथरत आत किती चालावं लागलं? पहिलं पाणी कधी पडलं? जिन्यावर पाय कधी ठेवला? प्रत्येक वेळेपुढे मी विचारायची, ‘इथे तुमच्या हातात काय होतं?’ गाडी कॉलनंतर मिनिटभरात बाहेर पडली होती. गल्लीत लावलेल्या गाड्या हलवण्यात वेळ गेला होता, आणि त्या त्यांनी लावलेल्या नव्हत्या. मग मी विचारलं, ‘आग लागली कधी?’ ते गप्प झाले. आग लागणं आणि कुणीतरी फोन करणं यांच्यामधला वेळ त्यांनी कधी मोजलाच नव्हता. शेजाऱ्यांनी आधी स्वतः बादल्यांनी पाणी टाकून पाहिलं होतं. धूर खोलीत भरला तेव्हा वॉचरूमचा फोन अजून वाजलाही नव्हता. ‘म्हणजे ते पाच मिनिटं माझ्याकडं नव्हतेच,’ ते म्हणाले. हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावून सोडून दिलं असतं. त्यांनी स्वतः मांडलं म्हणून ते आत उतरलं. दुःख त्यानंतरही राहिलं, ते राहणारच होतं, पण रोज रात्री स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं थांबलं. हे सगळं काम स्क्रीनवर झालं, आणि सगळ्यांनी मिळून लिहिता येतं अशा त्या पानामुळे टेबलावरच्या कागदापेक्षा नीट झालं.

उपचार लागू पडतोय की नाही हे कळायला नुसत्या ‘आता बरं वाटतंय’वर विसंबू नका. आघाताच्या लक्षणांची २० प्रश्नांची एक प्रमाणित यादी असते, ती दर थोड्या दिवसांनी फोनवरच भरता येते. आकडा हळूहळू उतरला पाहिजे. पाच-सहा बैठकांनंतर तो तिथेच असेल तर तुमच्या समुपदेशकाला विचारा की आता आपण काय बदलायचं. असा प्रश्न विचारला म्हणून चांगला समुपदेशक दुखावत नाही.

आता ती अट. तुमच्या पत्रात शेवटी ओझरतं आलंय : ‘नाईटला कॉल नसला की स्टेशनवरून बोलता येईल.’ कृपा करून हे करू नका. मला कळतं की ती शांतता मोहात पाडते. सगळे आडवे झालेले, अंगणात कुणी नाही, हातात मोबाइल. पण घटनेच्या आठवणीवर काम सुरू असताना मन मुद्दाम उघडं केलेलं असतं. त्या क्षणी घंटा झाली तर तुम्ही अर्धे त्या जुन्या खोलीत आणि अर्धे नव्या आगीत अशा अवस्थेत गाडीवर चढाल. त्यात तुम्हाला धोका आहे, तुमच्या मागे होज धरून उभ्या असलेल्या सोबत्याला धोका आहे. आणि घंटेच्या भीतीनं तुम्ही त्या बैठकीत कधी खोल उतरणारही नाही. वरवरचं बोलाल, आणि महिन्याभरानं म्हणाल की ऑनलाइनचा काही उपयोग नाही.

१०८ वरच्या डॉक्टरांना हा मोह आणखी जास्त होतो. राज्यात २०१४ पासून ही सेवा सुरू आहे आणि गाडीत मागे डॉक्टर असतो. हे बहुतेक तरुण असतात, घरापासून लांब नेमणूक, दोन केसांमध्ये हातात रिकामा वेळ. अशा एक डॉक्टरताई स्टँडबायवर उभ्या असलेल्या गाडीतून माझ्याशी बोलायच्या. पायलट, म्हणजे गाडीचा चालक, खाली चहा प्यायला गेला की फोन लावायच्या. बोलता बोलता डिस्पॅचच्या फोनची रिंग वाजली की त्यांचे खांदे कानापर्यंत चढायचे आणि आवाज एका क्षणात सपाट व्हायचा : ‘मॅडम, केस आली, ठेवते.’ तो सपाट आवाज त्यांच्या कामाचा आहे, त्यावर लोकांचे जीव वाचतात. पण बरं व्हायला तो आवाज काही वेळ खाली ठेवता आला पाहिजे. आम्ही वेळ बदलून त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घेतली. त्यानंतर काम खऱ्या अर्थानं सुरू झालं.

माझा नियम साधा आहे. आठवणीवरचं काम ड्युटीच्या आधीच्या काही तासांत नाही, ड्युटीवर तर मुळीच नाही, आणि नाईट करून सकाळी घरी आल्या आल्याही नाही. सुट्टीची आदली संध्याकाळ सगळ्यात उत्तम, म्हणजे त्या रात्री झोप मोडली तरी दुसऱ्या दिवशी गाडीवर जायचं नसतं. रोटेशननं ड्युटी बदलत असेल तर महिन्याचा चार्ट लागल्याबरोबर तो समुपदेशकाला पाठवा आणि वेळा त्याच दिवशी पक्क्या करा. ‘दर मंगळवारी सहाला’ असं घड्याळ तुमच्या कामाला लागू पडत नाही, हे समजणारा माणूस निवडा. ड्युटीवर असताना मदत लागलीच तर ती वेगळ्या प्रकारची असावी. दहा मिनिटांचा फोन, श्वास आणि शरीर जागेवर आणणं, आजची रात्र कशी काढायची एवढंच. जुनी केस तिथे उघडायची नाही.

जागेचं म्हणाल तर दोन खोल्यांचं घर असलेले तुम्ही एकटे नाही. पुष्कळ जण पार्क केलेल्या गाडीत बसून बोलतात, आणि हिवाळ्यात ते चालतं. पण मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना बंद गाडीत तासभर बसणं म्हणजे एक संकट टाळायला दुसरं ओढवून घेणं. उन्हाळ्यात एक गोष्ट मात्र आपल्या बाजूनं असते, ती म्हणजे कुलर. आतल्या खोलीत कुलर लावा, दार लोटून घ्या, दारापासून लांब भिंतीकडे तोंड करून बसा. बाहेरच्या खोलीत कुणालाही शब्द कळत नाहीत. फक्त मोबाइलच्या माइकलाही कळत नाहीत, म्हणून वायरचा इअरफोन लावा आणि त्याचा माइक तोंडाजवळ धरा. पत्नीला तुमचा उद्देश माहीत आहे, तर तेवढा तास त्यांनी मुलांना घेऊन शेजारी किंवा बागेत जायचं असं ठरवून टाका. गच्चीवर बोलायचं असेल तर शेजारच्या गच्चीवर कुणी असेल हे गृहीत धरूनच बोला. एखाद्या जवळच्या मित्राची रिकामी खोली मिळाली तर सगळ्यात छान.

मध्येच कुणी खोलीत आलं तर काय म्हणायचं हे पहिल्याच दिवशी ठरवायचं असतं. मी एखादं साधं वाक्य ठरवून ठेवते, ‘गाडीच्या इन्शुरन्सचं उद्या बघू’ असं काहीतरी. ते ऐकलं की मी विषय सोडते आणि ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये उत्तर देता येईल असंच विचारते. आणि नेटवर्क गेलं तर? आठवण सांगण्याच्या ऐन मध्यात स्क्रीन गोठणं हा ऑनलाइन कामातला सगळ्यात वाईट क्षण. त्यासाठी आमचं ठरलेलं असतं : तुम्ही पुन्हा जोडायच्या फंदात पडायचं नाही. दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, खोलीतल्या दिसतील त्या वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची, आणि मी मिनिटभरात साधा फोन करते. बैठकीच्या शेवटची दहा मिनिटंही मी कधी आठवणीला देत नाही. त्यात जेवण काय करणार, आज रात्री कुठे झोपणार असं घरचं बोलणं. दवाखान्यात आलेला माणूस बाहेर पडून, गाडी काढून, सिग्नलवर थांबत घरी जातो, तेवढ्यात त्याचं मन जागेवर येतं. तुम्ही लॅपटॉप मिटलात की थेट स्वयंपाकघरात असता. ती मधली वाट आपण मुद्दाम तयार करावी लागते. बैठकीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालून या, मग मुलांमध्ये जा.

ऑफिसचा प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवणं हा तुमचा हक्क आहे आणि उपचार करणाऱ्यावर ते बंधन आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल असे मोजके अपवाद कायद्यानं दिलेले आहेत. तुम्ही स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या मोबाइलवरून उपचार घेतलात तर तुमच्या अधिकाऱ्याला कळवणारं मध्ये कुणी नसतं. उपचार जर खात्यानं नेमलेल्या एखाद्या योजनेतून मिळणार असेल, तर पहिल्या बैठकीच्या आधी एकच प्रश्न लेखी विचारा : कार्यालयाकडे काय जातं? नुसता एकूण आकडा, की नावं, की बैठकींची नोंद? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा. तसंच, उपचार करणारा आणि ‘ड्युटीला फिट’ असं प्रमाणपत्र देणारा ही दोन वेगळी माणसं असावीत. एकाच माणसाकडे दोन्ही कामं आली की तुम्ही त्याला कधीच खरं सांगणार नाही.

पण गुपित बहुतेक वेळा ऑफिसच्या कागदांतून फुटत नाही, ते मोबाइलमधून फुटतं. लॉक स्क्रीनवर येणारा ‘तुमची थेरपी ६ वाजता’ हा मेसेज, मुलांच्या हातात असलेला फोन, यूपीआयवर दिसणारं दवाखान्याचं नाव. नोटिफिकेशनमधला मजकूर बंद करा. समुपदेशक बैठक रेकॉर्ड करतो का ते विचारा, आणि करत असेल तर कशासाठी आणि कुठे ठेवतो तेही विचारा. आठवणीवरच्या एका पद्धतीत तुमचं सांगणं तुम्हीच रेकॉर्ड करून घरी ऐकायचं असतं. ते तुमचं असतं, तुमच्याच फोनवर कुलपात राहायला हवं, आणि काम झालं की पुसून टाकायला हवं.

माणूस कसा निवडायचा? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, त्यांची मेडिकल कौन्सिलकडे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार डॉक्टरांनी स्वतःची ओळख आणि नोंदणी रुग्णाला दाखवणं अपेक्षितच आहे. मग विचारा : आघातावरच्या उपचाराचं कोणतं प्रशिक्षण घेतलंय, शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांबरोबर काम केलंय का, मराठीत बोलता येईल का. शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. माणूस दिवसा कितीही हिंदी-इंग्रजी बोलो, त्या खोलीत मुलीनं मारलेली हाक त्याला ज्या भाषेत ऐकू येते, उपचार त्याच भाषेत व्हायला हवा.

दोन गोष्टींपासून सावध राहा. एक, घटनेनंतर सगळ्या तुकडीला एका खोलीत बसवून प्रत्येकाला ‘काय पाहिलं, काय वाटलं’ हे बोलायला लावणारी एकदाच घेतलेली बैठक. ही पद्धत १९८३ साली अमेरिकेत अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठीच मांडली गेली आणि जगभर पसरली. पुढे २००२ साली सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा एका बैठकीच्या अशा डिब्रीफिंगनं आघाताचा विकार टळत नाही, काहींना उलट त्रास होतो, असं दिसलं. घटनेच्या रात्री माणसाला पाणी, जेवण, घरी फोन, शेजारी बसणारा सोबती आणि पुढे कुठे जायचं याची माहिती लागते. तिथे कुणालाही सांगायची सक्ती करायची नाही. अधिकारी हे वाचत असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की वक्ता बोलावून एका दुपारचा कार्यक्रम घेण्यापेक्षा, महिनाभरानं प्रत्येकाला खासगीत ‘झोप लागते का’ एवढं विचारायची सोय करा.

दोन, दारू आणि झोपेच्या गोळ्या. दोन पेगनं झोप लागते हे खरं, पण तीन तासांनी ती मोडते आणि स्वप्नं जास्त जोरात येतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या आघाताच्या विकारात उपयोगाच्या नाहीत. सवय लागते, दारूबरोबर धोका वाढतो, आणि शिडीवर चढायच्या कामात गुंगी परवडत नाही. औषध लागलंच तर सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं डॉक्टर देतात. त्यांना लागू पडायला काही आठवडे जातात. आधीच रोज गोळी चालू असेल तर ती एकदम बंद मात्र करू नका, डॉक्टरांना विचारून उतरवा.

ऑनलाइन उपचार कुणासाठी नाही, हेही स्पष्ट सांगते. जीव देण्याचे विचार ठोस आराखड्यापर्यंत पोचले असतील, भास होत असतील, दारू थांबवली की हात कापत असतील, किंवा घरातच कुणाची भीती असेल, तर प्रत्यक्ष जा. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहे, मिहानमधल्या एम्समध्ये आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मी पहिल्याच बैठकीत प्रत्येकाकडून तो त्या क्षणी जिथे बसलाय तो पत्ता आणि एका जवळच्या माणसाचा नंबर घेते. तुमच्या खात्यातल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट ठरवावी लागते, जी बाहेरच्या समुपदेशकांच्या लक्षात येत नाही. मी घाबरून ११२ किंवा १०८ लावला तर दारात येणारी माणसं तुमचीच ओळखीची असू शकतात, आणि त्या भीतीपायी लोक मला खरं सांगत नाहीत. म्हणून आधीच ठरवायचं : सगळ्यात आधी भावाला फोन, तो स्वतःच्या गाडीतून कोणत्या रुग्णालयात नेणार, आणि दुसरा काहीच इलाज नसेल तरच १०८. पोलिसांच्या बाबतीत, मन इतकं ढासळलेलं असताना शस्त्र काही दिवस शस्त्रागारात जमा ठेवायचं, याचीही बोलणी शांत असतानाच करून ठेवायची.

तुमच्या पत्नीसाठी दोन शब्द. ताई, त्या आगीबद्दल त्यांना खोदून विचारू नका, आणि ‘विसरून जा’ही म्हणू नका. रात्री ते दचकून उठले तर हात लावण्याआधी नावानं हाक मारा, दिवा लावा, ‘आपण घरी आहोत’ एवढं सांगा. मटण काही दिवस बंद केलंत तर हरकत नाही, पण ते पुन्हा कधी सुरू करायचं हे त्यांच्या उपचाराच्या वेळापत्रकात असू द्या. एक दिवस आधी नुसता मसाला भाजायचा, मग रस्सा, मग ताट, असं आम्ही पायऱ्या पाडून करतो. एखाद्या बैठकीत तुम्हीही या. मुलांशी चढणाऱ्या आवाजाबद्दल तुमच्याइतकं नेमकं कुणी सांगू शकणार नाही.

आणि सुरुवात कशी करायची? चांगला समुपदेशक मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. लष्करातल्या लोकांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात टेलिमानसचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये उघडला. अग्निशमन, रुग्णवाहिका आणि पोलीस यांच्यासाठीही तसा कक्ष असावा, शिफ्ट समजणारी माणसं तिथे असावीत, ही मागणी मी जिथे संधी मिळेल तिथे करत असते. तोवर याच नंबरवर बोला. त्या मुलीची गोष्ट पहिल्या फोनवर सांगायची गरज नाही. ‘मी अग्निशमन दलात आहे, काही महिन्यांपासून झोप नाही, एका कॉलनंतर सुरू झालंय, मला आघातावरचा उपचार करणारा माणूस हवा आहे, आणि माझ्या सुट्ट्या अमुक दिवशी असतात’ एवढं पुरे. या महिन्याचा चार्ट समोर घ्या, पहिली सुट्टी बघा, आणि तिच्या आदल्या संध्याकाळची वेळ मागा.